चार नंबरचा सांधा

हरभऱ्याला घाटे धरले की डोणगावच्या बाजारात जळालेल्या मोटारी यायला लागतात. कुणी मोटारसायकलच्या मागच्या सीटला बांधून आणतं, कुणी बैलगाडीत गोणपाटावर निजवून. विहिरीतलं पाणी खाली गेलेलं असतं, वीज कमी दाबानं येते, आणि मोटार चार दिवस कण्हून पाचव्या दिवशी धूर सोडते. मग तिच्या पोटातली काळी पडलेली तांब्याची तार कापून काढायची, नवी भरायची, वरून व्हार्निश पाजायचं आणि उन्हात वाळवायचं. हे काम हनीफभाईंचं. त्यांच्या दुकानाबाहेर वाळत ठेवलेल्या मोटारींचा गोडसर, डोक्यात चढणारा वास आणि शेजारी बसणाऱ्या बाईच्या टोपलीतल्या हरभऱ्याच्या पानांचा आंबूस वास, हे दोन्ही एकत्र फक्त याच दिवसांत येतात. परवा कॉलेजातून परतताना आले आणि मी रस्त्याच्या कडेला उगीच उभी राहिले.

मला शेत नाही. मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. माझ्या लेखी हरभऱ्याचा हंगाम म्हणजे मागच्या पडवीतल्या प्लायवूडच्या दोन फळ्या, त्यांच्यावरचे सात सांधे आणि माझे वडील. बाबांना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्या हंगामाला त्याहून बरीच अधिक. आता त्याकडे जरा लांबून बघता येतं.

बाबा रेल्वेत सांधेवाले होते. एका रुळाचे दोन रूळ होतात त्या जागेला सांधा म्हणतात. तिथं दोन टोकदार, हलणारी पाती असतात. दांडा ओढला की पाती सरकतात आणि येणारी गाडी कुठल्या रुळावर जाणार ते ठरतं. दांडा ओढून काम संपत नाही. वाकून बघायचं असतं, पातं रुळाला नीट चिकटलं आहे ना. मध्ये बोटभर फट राहिली तरी चाक घसरतं. बघून झालं की हात वर करायचा आणि ओरडायचं, "लागला!" बाबांची उभी नोकरी या एका शब्दावर झाली.

आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले. आमच्या डोणगावाला रेल्वे नाही. कान देऊन बसलं तरी शिट्टी ऐकू येत नाही. पहिलं वर्षभर ते पडवीत बसून समोरच्या तुरीच्या पट्ट्याकडे बघायचे. काही हवं का विचारलं तर "नाही" म्हणायचे, आणि खरंच त्यांना काही नको असायचं. मग पुण्याच्या माझ्या भावानं एक मोठं खोकं पाठवलं. आत खेळण्यातली रेल्वे. इंजिन, सहा डबे, रूळ आणि सात सांधे. "त्यांचा वेळ जाईल," भाऊ फोनवर म्हणाला. तो लांब राहतो, त्याला असं वाटणं साहजिक होतं. मी जवळ राहत होते आणि मलाही तसंच वाटलं होतं.

चार दिवस खोकं तसंच पडून राहिलं. पाचव्या दिवशी मी घरी आले तर पडवीत दोन फळ्या मांडलेल्या, आणि बाबा गुडघ्यावर बसून खडूनं रेघा ओढत होते. त्यांचं यार्ड. आठवणीतून, पण एकेक अंतर पावलांत मोजलेलं. इथं मालधक्का, इथं पाण्याची टाकी, इथं केबिन. रूळ त्या रेघांवर बसवले गेले. काड्यापेट्यांचा मालधक्का झाला. तुरीची वाळकी डहाळी खोचून निंबाचं झाड झालं, आणि ते वीतभर अलीकडे झालं म्हणून उपटून पुन्हा खोचलं गेलं. सांध्यांना त्यांनी खडूनं नंबर घातले, तेही तिथलेच. एक ते सात.

सकाळची कोवळी उन्हं फळ्यांवर यायची तेव्हा रूळ दवानं ओले असत. बाबा धोतराच्या सोग्यानं ते पुसत. मी चहा नेऊन ठेवी आणि तो निवून जाई. आम्ही फार बोलत नव्हतो. पण घरात एक माणूस कामावर होता, एवढं कळत होतं.

सुरुवातीला ते सांधे बोटानंच फिरवायचे. पण त्यांच्या उजव्या हाताला कंप होता, आणि बोट पात्याला लागलं की शेजारचा डबा कलंडायचा. खोक्यात सांधे चालवायची डिजिटल यंत्रणा होतीच, ती मी दोन रविवार खपून जोडली. प्रत्येक सांध्याखाली एक पेराएवढी कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं. विजेचा एक झटका बसला की आतली लोखंडी कांडी इकडून तिकडे उडते आणि पातं सरकतं. प्रत्येक सांध्याला एक नंबर दिलेला. हातातल्या रिमोटवर चार दाबला की तो हुकूम रुळांमधूनच धावत जातो. सगळ्या सांध्यांना तो पोचतो, पण ऐकतो फक्त चार नंबरचा. मला यात मजा येत होती. वर्गात मी वर्षानुवर्षं विद्युतचुंबक शिकवत होते आणि त्यातून घरात पहिल्यांदाच काहीतरी हलत होतं.

बाबांनी एकदा चार दाबून बघितला. कट् आवाज झाला. रिमोटच्या पडद्यावर चार नंबरची रेघ वळलेली दिसली. मग ते उठले, फळीपाशी गेले आणि वाकून पातं पाहिलं.

"बाबा, पडद्यावर दाखवते ना ते," मी म्हटलं.

"पडद्याले काय समजते? त्यानं पाह्यलं का जाऊन?"

त्यांचं बरोबर होतं, आणि शिक्षिका असून ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. रिमोट हुकूम सोडतो आणि तो पाळला गेला असं धरून चालतो. सांध्याकडून उलट काहीच येत नाही. पडद्यावरची रेघ म्हणजे आपण काय सांगितलं त्याची नोंद. झालं काय, ते पडद्याला माहीत नसतं.

तरी माणूस सवयीचा. महिनाभरात मी पडद्यावर विसंबायला लागले. एका दुपारी आम्ही दोघं गाडी चालवत होतो. बाबा इंजिनावर, मी सांध्यांवर. शेजारच्या वाडग्यात हरभऱ्याचा हुळा होता. भाजलेले घाटे सोलून दाणे तोंडात टाकायचे आणि काळे हात पुसून पुन्हा बटणं दाबायची, असं चाललं होतं. मी चार दाबला. पडद्यावर रेघ वळली.

"लागला!" मी त्यांच्यासारखंच ओरडले.

बाबांनी गाडी सोडली. हुळ्याचं एक टरफल पात्यात अडकलं होतं. इंजिन सांध्यावर चढलं, तिरपं झालं आणि मागचे दोन डबे घेऊन फळीवरून खाली फरशीवर पडलं. अडलेल्या कॉइलनं धूर सोडला. हनीफभाईंच्या दुकानातला तोच वास, पण चिमूटभर.

मी हसले. "पडद्यावर तं लागला होता बाबा!"

ते हसले नाहीत. पडलेला डबाही त्यांनी उचलला नाही. इंजिनाचा खटका बंद केला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. पुढचे आठ दिवस ते पडवीत आले नाहीत. जेवायचे, औषध घ्यायचे, विचारलं तर "बरा हावो" म्हणायचे. मला वाटलं खेळणं मोडल्याचं वाईट वाटलं असेल. तेवढी सोपी गोष्ट असावी अशी माझी इच्छाही असेल.

मग ती जळकी कॉइल मी हनीफभाईंकडे नेली. सव्वा फुटाच्या मोटारी भरणारा माणूस, पण त्यांनी ती बोटावर घेऊन उन्हात धरली आणि म्हणाले, "मॅडम, केसावानी तार लागंन. घरी येऊन भरून देतो. अथी मोठ्या मोटरीच्या धुळीत नाही होनार." दुसऱ्या दिवशी दुपारी ते तारेचं रीळ आणि हातानं फिरवायचं छोटं यंत्र घेऊन आले. त्यांना बघून बाबा आठ दिवसांनी पडवीत येऊन बसले. हनीफभाई वयानं त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, पण दोघांचं जमायचं. दोघांनाही कमी बोलणारी माणसं आवडत.

तार गुंडाळताना वेढे मोजावे लागतात. मध्येच बोललं की मोजणी चुकते आणि सगळी तार सोडून पुन्हा सुरुवात करावी लागते. हनीफभाई ओठ हलवत मोजत होते. मी दारात तांदूळ निवडत बसले होते. आणि बाबा बोलायला लागले. त्यांनी ती वेळ मुद्दाम साधली असं मला आता वाटतं. समोरचा ऐकू शकत होता, पण काही म्हणू शकत नव्हता.

"उन्हाळ्याचे दिवस होये. मालगाडीचे डबे मांगं घ्याचे होते. सकाळपासून तीन नंबर आन् चार नंबर म्या आन् माह्या जोडीच्या सुखदेवनं पाळीपाळीनं लावले. आखरीचा चार नंबर म्या फिरोला. वाकाले पायजे होतं, नाही वाकलो. कंबर दुखे, असंबी काही नाही. कंटाळा आल्ता. हात वर केला आन् म्हनलं, लागला. पात्यात गिट्टीचा गोटा होता."

हनीफभाईंचा हात थांबला नाही. ओठ हलत होते.

"डबा उतरला. मेलं कोनी नाही, लागलंबी नाही कोनाले. साहेब आला. म्हने, चार नंबर कोनं लावला? म्या तोंड उघडाच्या आंधी सुखदेव बोलला, 'म्याच लावला असंन साहेब.' त्याले खरंच वाटलं का त्यानंच लावला. दिवसभर लावूनच राह्यलो होतो दोघं. तो हंगामी होता, पुढच्या साली पक्का होनार होता. त्याले घरी पाठोलं. म्या काही बोललो नाही."

यंत्राची बारीक कुरकुर तेवढी येत होती. हनीफभाईंनी शेवटचा वेढा घातला, तार तोडली, टोक पिळलं, आणि फळीच्या कडेला पेन्सिलीनं वेढ्यांचा आकडा लिहिला. मग वर बघितलं.

"काका, तो आदमी हाय का अजून?"

"हाय. धामणगाव बढ्याले. वावर पाहाते."

"तुमाले कसं मालूम?"

"दरसाली कोनाले ना कोनाले इचारतो."

"मंग चला. परवा इतवार हाय, मॅडमलेबी सुटी. माही गाडी हाय."

"आता काऊन? तोबी बुढा झाला, म्याबी."

"म्हनूनच," हनीफभाई म्हणाले आणि कॉइलला व्हार्निश लावायला लागले.

मी तांदूळ निवडत राहिले. त्या वेळी मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगायचं तर राग आला. त्यांच्या चुकीचा नव्हे. त्यांनी हे मला न सांगता तार भरायला आलेल्या माणसाला सांगितलं, याचा. मग हळूहळू दुसरी गोष्ट सुचली. तो डबा उतरल्याचं मलाही आठवत होतं; तेव्हा मी आठवीत होते. ते त्या दिवशी खरं बोलले असते तर आम्ही ते क्वार्टर सोडलं असतं, मी कॉलेजात गेले असते की नाही कोण जाणे. मी वर्गात फळ्यासमोर उभी राहते त्या जागेच्या खाली कुठंतरी सुखदेव नावाचा माणूस होता, आणि मला त्याचा चेहराही आठवत नव्हता.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मेहकर, चिखली, बुलढाणा, मग राजूर घाट. दोन्ही बाजूंना हरभरा आणि गहू. घाट उतरताना ऊन अंगावर आलं. हनीफभाई गाडी चालवत होते. बाबा त्यांच्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते आणि मधूनच त्यांचे ओठ हलत होते. पाठ करत असावेत. मोताळ्याच्या पुढे ते एकदा म्हणाले, "तो घरी नसंन." हनीफभाई म्हणाले, "मंग थांबू."

सुखदेव घरी होते. गावाबाहेर शेतालगत घर. अंगणात उपटून आणलेल्या हरभऱ्याचा ढीग होता आणि ते नि त्यांची बायको यमुनाबाई घाटे तोडत बसले होते. बारीक, ताठ माणूस. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं, आणि उठून जवळजवळ पळतच आले.

"नारायण! अबे, जित्ता हायेस का तू?"

मिठी मारली, पाठीत धपका घातला. बाबांचं वजन उतरलं म्हणून शिवी घातली. माझ्याकडे बघून म्हणाले, "हे ते झिपरी पोरगी का? केबिनात झोपे बोरं खाऊन?" खाट टाकली गेली, चहा झाला. जुन्या माणसांची नावं निघाली, त्यातली बरीच गेलेली होती. इतका आनंद बघून मला वाटलं बाबा आता काही बोलणार नाहीत, आणि न बोलले तरी बरंच. हनीफभाईंनी कप खाली ठेवला आणि अंगणाच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

बाबांनी सांगितलं. पाठ केलेलं काही आठवलं नसावं. तुटक तुटक, पडवीत सांगितलं होतं त्याहून कमी शब्दांत. "चार नंबर म्या लावला होता, सुखदेव. तू नाही. म्या वाकलो नाही."

सुखदेव खाटेवर त्यांच्याजवळ सरकले. मग म्हणाले, "परत सांग."

बाबांनी परत सांगितलं.

"यमुने, इकडं ये. हिले सांग."

यमुनाबाई पदराला हात पुसत आल्या. बाबांनी तिसऱ्यांदा सांगितलं, त्यांच्याकडे बघून. या वेळी ते अडखळले नाहीत.

"तवा काऊन नाही बोलला?" सुखदेवांनी विचारलं.

"नोकरी गेली असती. भेव लागलं."

"आन् मंग?"

"मंग उशीर झाला. मंग अजून उशीर झाला."

सुखदेवांनी ढिगातली एक डहाळी उचलली आणि तिचे घाटे एकेक करून तोडले. सगळे तोडून झाल्यावर बोलले. आवाज चढला नव्हता.

"नोकरी गेली ते जाऊ दे. वावर होतं, करून खाल्लं. पन नारायण, तवापासून माहा माह्यावर भरोसा नाही. त्या दिवशी म्या वाकलो का नाही वाकलो, हेच आठवून राह्यलो इतके साल. कधी दिसते वाकलो, कधी दिसते नाही वाकलो. आन् तुले सारं ठावं होतं."

"हाव," बाबा म्हणाले.

"आता जा तुमी. माफी मांगू नको. मले इचार करू दे."

ते उठून शेतात निघून गेले. बाबा खाटेवर तसेच बसले होते. शेवटी हनीफभाईंनी येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. गाडीपर्यंत यमुनाबाई आल्या. त्यांनी माझा फोन नंबर मागितला आणि मोबाईलमध्ये घालून घेतला.

परतीच्या वाटेवर बाबांना झोप लागली. चिखलीला आम्ही चहाला थांबलो तरी ते उठले नाहीत.

त्यांना हलकं वाटलं का? लोक मला असं विचारतात. मला तसं दिसलं नाही. ते पुन्हा पडवीत बसायला लागले, एवढं दिसलं. हनीफभाईंनी मोटारींच्या स्टार्टरमधल्या मोडक्या पट्ट्या कापून प्रत्येक पात्याला एक एवढीशी कळ बसवली. पातं रुळाला खरोखर टेकलं तरच ती दाबली जाई आणि फळीच्या कडेला हिरवा दिवा लागे. दिवा लागल्याशिवाय इंजिनाला वीजच मिळू नये अशी जोडणी मी केली. पडद्यावर काहीही दिसो, पातं टेकलं नसेल तर गाडी हलायची नाही. सातही सांध्यांचं काम संपायला महिना लागला. सगळे दिवे लागले तेव्हा बाबांनी प्रत्येक सांध्यापाशी वाकून पाहिलंच. हनीफभाई म्हणाले, "काका, आता तं दिवा हाय ना." बाबा म्हणाले, "हाव, दिवा चांगला झाला," आणि पुढच्या सांध्याकडे सरकले.

खऱ्या रेल्वेतही पुढे असंच झालं, हे मी नंतर वाचलं. सांधा लागल्याची खबर उलट आल्याशिवाय सिग्नल पडत नाही. माणसाच्या कंटाळ्यावर, भीतीवर काही सोपवायचं नाही अशी ती रचना आहे. मी वर्गात ती शिकवते आणि मुलांना आवडते. माणसांमध्ये मात्र ती बसवता येत नाही. आपण एखादी गोष्ट बोलतो किंवा बोलत नाही, आणि तिकडे कुणाचं काय सरकलं, काय अडकलं, याचा दिवा आपल्या बाजूला लागत नाही. बहुतेक वेळा आपण पडद्याकडे बघून पुढे निघतो.

सुखदेव कधी आले नाहीत. बाबांनी त्यांची वाट बघितली असं मी म्हणणार नाही, पण फाटक वाजलं की ते त्या दिशेला बघत. हरभरा सोंगून झाला. खळ्यांवरून भुसा उडायला लागला, पडवीतल्या रुळांवर त्याचा पिवळा थर बसू लागला. ऊन वाढलं. आणि एका सकाळी यमुनाबाईंचा फोन आला.

आधी त्यांनी पाण्याचं विचारलं, गव्हाचं विचारलं. मग म्हणाल्या, "बाई, तुमाले त्या दिशी सांगतलं नाही. ह्याईले एक खोड होती. वावरातली मोटर बंद करून घरी याले निघत, आन् अर्ध्या वाटेतून वापस जात, बंद केली का पाहाले. कधी तीन डाव, कधी चार डाव. इतके साल. लोकं हासत. म्या नाही हासली कधी." त्या थांबल्या. "आता आठ-पंधरा दिवस झाले. मोटर बंद करतेत आन् वापस न फिरता सरके घरी येतेत. म्हनलं, तुमच्या बाबाले सांगा."

मी बाबांना सांगितलं. ते अंगणात दाढी करत बसले होते. वस्तरा तसाच धरून त्यांनी विचारलं, "त्यानं काही निरोप देल्ला?"

"नाही."

त्यांनी आरशात बघत गालावरचा साबण पुसला.

"नाही देनार," ते म्हणाले. "पन सरका घरी येते ना."